दोन वर्षांचा फरक

सकाळपासून चौथ्यांदा पडद्यावर तांबडी ओळ उमटली : "सेवाकाळात दोन वर्षांचा फरक. दुरुस्त करा."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर आपटला. सव्वीस वर्षं पोरांना ताळेबंद शिकवला आणि स्वतःचाच जुळेना. प्राध्यापकपदासाठी ही तिसरी खेप. अर्ज पाच वाजता बंद होणार, आणि वयाच्या अटीत चौथी खेप बसत नव्हती.

शिक्षण भरून झालं होतं. संशोधनाचा विषयही : लहान संस्थांची उचंत खाती. हिशेब जुळेना की उरलेला फरक तात्पुरता जिथे ढकलतात आणि मग वर्षानुवर्षं विसरतात, ती खाती. अध्यापनाखाली मात्र फक्त तासांचा आकडा मागितला होता. घसाऱ्यासारखा रुक्ष विषय बाई असा रंगवून सांगत, की मागच्या बाकावरची पोरं आपण होऊन पुढे सरकत. ते सांगायला देवानं तोंड दिलं होतं, अर्जानं रकाना दिला नव्हता.

"बाई, ती दोन वर्षं गेली कुठे?" शेजारच्या टेबलावरून कॉलेजच्या हेडक्लार्कने मान लांब करून विचारलं.

"घरी. आई अंथरुणाला खिळली होती. रजा देईनात, म्हणून राजीनामा दिला."

"मग तिथे मानद व्याख्याता टाका की! माझ्या मेहुण्याचा क्लास आहे, दाखला आणतो."

"तो शिवणाचा क्लास आहे ना?"

"पैशांचा हिशेब तिथेही ठेवतातच!"

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "ताई, टाक ना गं लिहून. तू दोन वर्षं आईचं केलंस, मी नुसती फोनवर विचारपूस केली. वर भुर्दंडही तुलाच?"

बाईंनी फोन ठेवला. संशोधनासाठी त्या चाळीस संस्थांत हिंडल्या होत्या. एकेका चिटणिसाला समोर बसवून विचारलं होतं, "हा फरक आला कुठून, ते सांगा." काही जण चिडले, एक बिचारा रडला. त्या माणसांना कोणत्या तोंडानं विचारलं मग आपण?

पावणेपाच वाजले. कारणांच्या यादीत अध्यापन, संशोधन, प्रशासन, इतर. बाईंनी 'इतर' निवडून पुढे लिहिलं : आईची शुश्रूषा.

गुण शून्य. एकूण एकशे सोळा. हवे होते एकशे वीस.

"अहो, थांबा, थांबा..." हेडक्लार्क उठेपर्यंत त्यांनी बटण दाबलं होतं.

'अपात्र.'

"शून्य!" बाईंचा आवाज चढला. "दोन वर्षं पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी तिच्या. शून्य?"

हेडक्लार्क उगाच फायली सारख्या करत बसला.

"छापून द्या. मला पोच हवी."

"अपात्र अर्जाला पोच देत नाहीत, बाई."

"अर्ज केला की नाही मी?"

"केलात."

"मग द्या."

त्याने कागद छापला, खणातून शिक्का शोधून काढला. "शाई सुकलीय हो."

"पाणी घाला दोन थेंब."

शिक्का उमटला, पण पुसट. बाईंनी कागद खिडकीशी नेऊन निरखला आणि परत त्याच्यासमोर ठेवला.

"पुन्हा मारा. तारीख वाचता येत नाही."