तिच्या शेजारच्या खुर्चीत आजोबा

टीव्हीवर काय लागणार हे टीव्ही ठरवतो, असं तुम्हाला वाटतं ना? साफ चूक. ते मी ठरवतो. मी त्याचा रिमोट बोलतोय.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझी शेकडो भावंडं ओळीनं पुढे जात होती आणि डोक्याला टोप्या घातलेल्या बायका गप्पा मारत आमची बटणं बसवत होत्या. मग खोक्यात टीव्हीच्या कुशीत झोपून मी या घरी आलो.

आल्या आल्या आजोबांनी मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. ती पिशवी फाटली, माझे आकडे पुसले गेले, पाठीवरचं झाकण हरवून तिथे चिकटपट्टी आली. आता बटण चाललं नाही की मला तळहातावर आपटतात. माणसांचं हे मला कधीच कळलं नाही. सेल संपलेले असतात आणि मार मला!

घरात माणसं चार. आजोबा, आजी, त्यांचा सदा दौऱ्यावर असणारा मुलगा आणि सूनबाई. आजोबा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करायचे. शांत माणूस. त्यांचं वेड एकच, जुन्या जमान्यातली एक नायिका. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आजींना त्यांच्या पाकिटात तिचा फोटो सापडला होता. तेव्हापासून या घरात तिचं नाव ‘ती टवळी’. तिचा सिनेमा लागला की आजी एवढंच म्हणायच्या, “बदला.” आजोबा सुस्कारा सोडून माझं बटण दाबायचे.

एका रविवारी आजोबा संध्याकाळी काळा सूट घालून निघाले.

“मित्राला दवाखान्यात ठेवलंय, जरा बसून येतो,” ते म्हणाले.

“दवाखान्यात सूट?” आजींनी विचारलं.

“मोठा दवाखाना आहे,” असं म्हणून आजोबा सटकले.

खरी गोष्ट सूनबाईंना ठाऊक होती, कारण सुटाची कंबर त्यांनीच उसवून सैल करून दिली होती. त्या दिवशी शहरात सिनेमाच्या पुरस्कारांचा सोहळा होता. पाहुणे उठून गेले की टीव्हीवर खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत, म्हणून तिथे बसायला नीटनेटकी माणसं हवी होती. आजोबांबरोबर फिरायला येणाऱ्या मित्राच्या जावयानं ते काम मिळवून दिलं होतं. आणि त्या टवळीला, म्हणजे त्या नायिकेला, जीवनगौरव मिळणार होता.

सगळं सुरळीत झालं असतं, पण शेजारच्या काकूंचा टीव्ही बंद पडला.

“तुमच्याकडे लावा गं तो सोहळा, मला झगे बघायचेत,” म्हणत त्या कोचावर ऐसपैस बसल्या. आजीही बसल्या. सूनबाईंनी मला घट्ट धरलं.

पडद्यावर झगमगाट सुरू झाला. एकीच्या झग्याचा घोळ उचलायला दोन माणसं मागून धावत होती. “तिला एकटीला बाथरूमला जाता येत असेल का?” काकूंना काळजी पडली. एक तरणाबांड नट पुरस्काराची बाहुली हातात घेऊन ढसाढसा रडला. “याला काही मिळालंय की याचं काही हरवलंय?” आजी म्हणाल्या.

तेवढ्यात कॅमेरा पुढच्या रांगेवरून फिरू लागला आणि सूनबाईंनी मला दाबलं. बातम्या!

“अगं, काय करतेस?” काकू ओरडल्या.

“हात लागला चुकून.”

पुन्हा सोहळा, पुन्हा ती रांग, पुन्हा बातम्या. आजींनी सुनेकडे एकवार पाहिलं आणि हात पुढे केला. “आण तो इकडे.”

मी आजींच्या हातात गेलो. सूनबाई उगाच पदर सारखा करत बसल्या.

तेव्हाच नायिकेच्या नावाची घोषणा झाली. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. सवयीनं आजींचा अंगठा माझ्या बटणावर आला. मीही तयार होतो. पण अंगठा तिथेच थांबला.

पडद्यावर ती होती. पांढरे केस, रुपेरी साडी, तेच हसू. आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत आजोबा गाढ झोपले होते! तोंड उघडं, मान तिच्या खांद्याकडे कललेली आणि पाय असे पसरलेले, की तिला बाहेर पडायला वाट नव्हती.

“अगो बाई,” काकू म्हणाल्या, “हे तर तुमचे...”

तिनं आजोबांना हलवलं. आजोबा दचकून उठले आणि रंगमंचाकडे पाठ करून टाळ्या वाजवू लागले. ती त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली, मनापासून हसली आणि पुढे गेली.

आजींनी माझं बंदचं बटण दाबलं. काकू हळूच उठून घरी गेल्या. आज या घरात काही खरं नाही, असं मला वाटलं.

जेवणाच्या वेळेला आजोबा परतले.

“कसा आहे मित्र?” आजींनी विचारलं.

“बरा आहे. झोप लागली त्याला.”

“त्याला की तुम्हाला?”

आजोबांनी एकदा बंद टीव्हीकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि मटकन खुर्चीत बसले.

“तू जाऊ दिलं नसतंस,” ते हळूच म्हणाले.

“नसतंच दिलं. पण इतकी वर्षं जिच्यापायी माझा जीव खाल्लात, ती शेजारी बसलेली असताना घोरलात?”

“काय बोलावं तेच सुचेना गं. म्हणून जरा डोळे मिटले. मग डोळा लागलाच.”

“आणि कानात काय म्हणाली ती?”

आजोबा बुटांच्या नाड्या सोडू लागले.

“सांगा म्हणते ना!”

“म्हणाली, तुमच्या बायकोला रात्री झोप लागते का हो?”

आजी अशा हसत सुटल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला. “बाई शहाणी आहे हो,” त्या म्हणाल्या. “इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं!”

त्या दिवसापासून मी आजींच्या ताब्यात आहे. मी आता म्हातारा झालोय. कधीतरी नवा रिमोट येईल आणि माझी रवानगी माळ्यावर होईल. तोवर एकच विनंती, सेल तेवढे वेळेवर बदला.

रविवारी दुपारी आजी स्वतः शोधून त्या नायिकेचा सिनेमा लावतात. पहिलं गाणं संपायच्या आत आजोबांची मान आजींच्या खांद्यावर येते. मग आजी त्यांना उठवत नाहीत. माझं बटण दाबून टीव्हीचा आवाज अगदी बारीक करतात. पडद्यावर ती ओठ हलवत राहते, आणि आवाज येतो तो आजोबांचा.