पाटकऱ्याची मुलाखत

पाटकरी म्हणजे कोण, तर पाटाची दारं उघडणारा आणि झाकणारा माणूस. खोरं चालवता आलं आणि घड्याळ कळलं की झालं. पण कराडच्या खालच्या अंगाला कृष्णेचं पाणी उचलणारी जी सहकारी संस्था होती, तिच्या नव्या मॅनेजरचं एवढ्यावर भागेना. शहात्तर साली हे गृहस्थ पुण्याहून सहा आठवड्यांचं शिक्षण घेऊन आले आणि आल्याआल्या त्यांनी फतवा काढला. उमेदवाराला काय येतं ते विचारायचं नाही, पूर्वी अमक्या प्रसंगी तो कसा वागला ते विचारायचं. त्यातून म्हणे माणसाचा स्वभाव कळतो. अख्ख्या गावाला ज्याचा त्याचा स्वभाव आज्यापणज्यापासून पाठ होता. मॅनेजरला तो कागदावर हवा होता.

सयाजीला ही नोकरी पगारासाठी नको होती. त्याच्या आईचं, तानुबाईचं, वीस गुंठे रान पाटाच्या अगदी शेवटाला. तिची पाण्याची पाळी मंगळवारी, आणि दर मंगळवारी ते वरच्या वर कुणीतरी तोडून घ्यायचं. हे कुणीतरी म्हणजे संस्थेचे चेअरमन नाथाजीराव, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. तीन वर्षं तानुबाईचा ऊस कमरेच्या वर गेला नव्हता. दारं आपल्या हातात आली तर आईचं पाणी आईला मिळेल, एवढंच सयाजीच्या मनात होतं.

तयारीसाठी तो लालासाहेबांकडे गेला. लालासाहेब पलटणीत कारकुनी करून आलेले, आणि तेवढ्या पुण्याईवर गावातल्या समस्त अर्ज-मुलाखतींचे बादशहा.

"तुजा एक फष्टक्लास प्रसंग बांधू," ते म्हणाले. "तंटा कशावरनं झाला, तू काय केलंस, शेवट कसा ग्वाड झाला. तीन तुकडं. मदी आडखळायचं न्हाई. सांग बगू एखादं भांडान मिटवल्यालं."

"आवं, गेल्या उन्हाळ्यात बनुबाईचा बांध फोडला, तवा मी..."

"कुणी फोडला?"

"नाथाजीरावांच्या गड्यानं."

"खोड त्ये."

"मग मोहिद्दीनचाचाचं इंजान बंद पाडलं, तवाचं सांगू?"

"कुणी पाडलं?"

"त्यांच्याच धाकट्यानं."

"खोड!"

दुपारभर हेच चाललं. ज्याच्या एका टोकाला चेअरमन नाहीत असं एक भांडण गावात सापडेना. शेवटी लालासाहेबांनी कंटाळून भांडणच फलटणकडं, सयाजीच्या मावशीच्या गावाला नेलं. सयाजी तिथं आयुष्यात दोनदा गेलेला, दोन्ही वेळा लग्नाला. तिथल्या दोन भावांचा विहिरीवरून तंटा, सयाजीची मध्यस्थी, आणि शेवटी दोघं भाऊ गळ्यात पडून रडतात. रडण्याची भर लालासाहेबांनी आपल्या पदरची घातली. सयाजीनं ते शाळकरी पोरानं पाढे म्हणावेत तसं घोकून घोकून पाठ केलं. आपण खोटं बोलणार आहोत याचं त्याला काही वाटलं नाही, कारण खऱ्याला कुठं जागाच नव्हती.

मुलाखतीच्या दिवशी त्याच्या आधी दुसरा उमेदवार, धुळा, आत गेला होता. "तुमच्या हातून कधी चूक झाली का?" असं मॅनेजरनं विचारल्यावर धुळा म्हणाला, "मागल्या जल्मी झाली आसंल, सायब." बाहेर येऊन त्यानं हे स्वतःच अभिमानानं सांगितलं.

सयाजी आत गेला. मॅनेजरनं प्रसंग विचारला, त्यानं तीन तुकडे धडाधड म्हटले. भाऊ रडले तिथं मॅनेजरची पेन्सिल जोरात चालली. हे सगळं मॅनेजरशेजारी बसून डोळे मिटून ऐकणारे नाथाजीराव मग जागे झाले.

"मॅनेजरसायब, आता माजा येक प्रसंग."

"घडलेला हवा, चेअरमनसाहेब."

"घडल्यालाच हाय. दर आठवड्याला घडतुय." ते सयाजीकडं वळले. "मंगळवार हाय. पानी शेवटाच्या रानाकडं निगालंय. माजा ऊस वाळतुय, म्या सांगावा धाडला. काय करशील?"

शेवटाचं रान कुणाचं, हे त्या खोलीत एकट्या मॅनेजरला ठाऊक नव्हतं.

सयाजीनं मनात हिशेब केला. खरं बोललो तर दारं धुळाच्या हातात जातील आणि आईचं रान आहे तसंच वाळेल. त्यापेक्षा आधी नोकरी पदरात पाडून घ्यावी, मग आपण आहोत आणि पाट आहे. जगातल्या प्रत्येक भित्र्या माणसाला हा विचार अगदी वेळेवर सुचतो, आणि तो त्याला शहाणपणच वाटतो.

"तुमच्याकडं वळवीन," सयाजी म्हणाला.

"आन् शेवटाचं रान?"

"त्याचं फुडल्या पाळीला बगू."

मॅनेजरनं आनंदानं लिहिलं, 'परिस्थिती पाहून निर्णय घेतो.' नाथाजीराव म्हणाले, "सायब, तुमची ही पद्दत लय झ्याक हाय बगा. ह्यालाच घ्या. मंगळवारपास्नंच येऊ द्या."

सयाजी रानात आला तेव्हा तानुबाई पाणी येणार म्हणून सऱ्या नीट करत होती. त्याला बघून ती बांधावर आली.

"काय इचारलं रं तुला आत?"

"पानी कुनाचं तोडशील, म्हणालं."

"मग?"

"तुजं तोडीन म्हणालो, आये."

तानुबाईनं हातातलं खोरं बांधावर टेकवलं.

"आन् घेतलं व्हय तुला?"

"लगीच घेतलं."