चालू कॉल

"अजून एकच कॉल राहिलाय, साहेब," जयराम म्हणाला. मुंबईहून सर्वेश साहेबांचा सुस्कारा ऐकू आला.

मालवणातल्या त्या थंडगार खोलीत फोनकंपनीची तीन यंत्रं होती. दोन यंत्रं कॉल सांभाळत आणि तिसरं, आलेला प्रत्येक कॉल त्या दोघांत वाटून देई. वाटणारं यंत्र तसं हुशार, पण त्याची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. नवा कॉल ते कुठेही धाडेल, पण एकदा बसलेला चालू कॉल उचलून दुसरीकडे नेणं त्याच्या बापालाही जमायचं नाही. पंगतीत जेवायला बसलेल्याला उठवायचं कोणी? आज पहिलं यंत्र दुरुस्तीसाठी बंद करायचं होतं. बाकीचे कॉल आपापले आटोपून गेले आणि हा एक हटेना. जयरामने नंबर पाहिला, तर तो भाईंचा, म्हणजे त्याच्या वडिलांचाच.

भाईंनी जन्मभर देवळात गाऱ्हाणं घातलं होतं. गावाच्या वतीने ते देवाला साकडं घालत आणि दर वाक्याला गाव म्हणे, 'व्हय म्हाराजा!' गेल्या वर्षी त्यांचा आवाज बसला आणि तो मान गावातल्याच मंगेशकडे गेला. भाई कुणाला काही बोलले नाहीत, फक्त जत्रेला जायचे बंद झाले. अशात काल मस्कतहून पुतण्या निहारचा निरोप आला: नव्या नोकरीसाठी गाऱ्हाणं हवं, आणि ते काकांनीच घालायचं. भाई आज सकाळपासून धोतर नेसून फोनसमोर बसले होते.

"तोडून टाक," साहेब म्हणाले.

"गाऱ्हाणं चाललंय, साहेब. अर्ध्यात तोडत नाहीत."

"अरे, स्क्रीन बघ! पलीकडच्याने होल्डवर टाकलंय. ऐकतंय कोण?"

जयरामने पाहिलं. खरंच होल्ड. निहारला ऑफिसात कुणी हाक मारली असणार. म्हणजे भाई इतका वेळ टिंगटिंग वाजणाऱ्या संगीताला गाऱ्हाणं घालत होते! जयरामला हसू फुटलं, पण ते लगेच ओसरलं.

त्याने दुसऱ्या फोनवरून आईला कॉल लावला. हा नवा कॉल मुकाट्याने दुसऱ्या यंत्रावर गेला.

"आये, खंयपर्यंत इला गाऱ्हाणा?"

"आत्ता खंय इडापीडेपर्यंत इलेत. जोरात घालतत हां! 'व्हय म्हाराजा' म्हणूक मी एकटीच. घसो सुकलो माझो."

"तुझो फोन थंय धर."

भाईंचा फाटका आवाज आला, "...ह्या लेकराचा चाकरीत बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जयराम यंत्रांसमोर उभा राहून ओरडला.

साहेब मूळचे देवगडचे, रवळनाथ त्यांच्याही गावचा देव. "रवळनाथाचं नाव घेऊन झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग आता तोडू नकोस. पण उशिराचा मेमो तुझ्या नावावर जाईल."

"जाऊ दे, साहेब."

शेवटी कॉल आपला आपण संपला. जयरामने यंत्र बंद केलं, तोच भाईंचा फोन आला.

"जयरामा, निहारान मान राखल्यान हां! मी सुरू केलंय तेवढ्यात मागसून वाजंत्री लावल्यान, ती शेवटपर्यंत! मगे कायच बोलाक नाय. भरान इला असतला पोरग्याक." भाई थांबले. "आवाज बरो लागलो मा रे माझो?"

"व्हय भाई. बरो लागलो."

फोन ठेवून जयरामने बंद यंत्रावर हात ठेवला. ते अजून कोमट होतं.