शिवीला एक, हत्याराला चार

इस्पितळात तिला सगळे मोठी सिस्टर म्हणत. फक्त अपघात विभागाच्या दारावरचा रखवालदार तिला वहिनी म्हणे, कारण तो तिचा सख्खा धाकटा दीर होता. वॉर्डातून काढून तिला दर्जा सुधारणेच्या टेबलावर बसवलं, तेव्हा पहिलंच काम गळ्यात पडलं ते कर्मचाऱ्यांवरचे हल्ले कमी करण्याचं. तिने हल्ल्यांना आकडे दिले. शिवीगाळ एक, धक्काबुक्की दोन, मारहाण तीन, हत्यार चार. महिनाअखेरीला आकड्यांची सरासरी काढायची. सुरुवातीला ती अडीचच्या वर गेली.

मग तिने बजावलं, साधी शिवी खाल्ली तरी कळवा. शिव्यांना तिथे काय तोटा? नोंदवहीत धडाधड एकाचे आकडे येऊन पडले आणि सरासरी दीडपर्यंत उतरली. मोठे डॉक्टर खूश झाले. त्यांनी दारावरच्या दोन रखवालदारांपैकी एक काढून गाड्यांच्या तळावर पाठवला.

"वहिनी, मारामारी आहे तेवढीच आहे," दीर जेवताना म्हणाला. "शिव्या जास्त लिहिल्या जातायत, एवढंच."

"मग सरासरी खाली कशी आली, भाऊजी?"

"ते मला काय ठाऊक. पण काल एका आडदांड माणसाला मी एकट्याने धरलं, तर खांदा निखळायची पाळी आली."

"मारामाऱ्या ताटावर नकोत," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय तिथेच राहिला.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी एका म्हाताऱ्याला आणलं. तो आणतानाच गेलेला होता. त्याचा मुलगा धिप्पाड, कसायासारख्या दंडांचा. शिकाऊ डॉक्टरीण बाहेर येऊन हळू आवाजात सांगायला लागली, तसा तो आधी आईवरून बोलला. मग सलाइनचा लोखंडी स्टँड उपटून त्याने तिच्या अंगावर घातला. तिचं मनगट कडकन मोडलं. ती खाली बसली, तेव्हा त्याने दुसरा घाव उगारला. तो दिराने मध्ये पडून जबड्यावर घेतला.

मोठी सिस्टर आवाज ऐकून जिना उतरली, तोवर औषधांचं काचेचं कपाट फुटलं होतं. दीर काचांत उताणा पडलेला. तो माणूस त्याच्या छातीवर बसून त्याच्या कानावर बुक्के हाणत होता, एका लयीत, जमीन चोपल्यासारखा. लोक भिंतीला चिकटून उभे होते. कोणी पुढे होईना.

तिने लोखंडी स्टूल उचलून त्याच्या पाठीत घातलं. तो कलंडला. तिने पुन्हा घातलं, खांद्यावर, मग डोक्यावर. तो डोकं हातांत धरून "बस, बस" म्हणत होता, ते तिला ऐकू येत होतं. तरी तिने आणखी एकदा घातलं. गाड्यांच्या तळावरचा रखवालदार धापा टाकत आला आणि त्याने तिचे हात मागून धरले. तेव्हा कुठे स्टूल सुटलं.

दिराला शस्त्रक्रियेला आत नेलं. मोठे डॉक्टर धावत आले, सगळीकडे पाहिलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "वाईट झालं. पण घाबरू नका. याला चार लावला तरी महिन्याची सरासरी दोनच्या आतच राहील."

तिच्या बाह्यांना रक्त लागलेलं होतं. ते कोणाचं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"डॉक्टर, चार शिव्या म्हणजे एक हत्यार का?"

"असं कोण म्हणतं?"

"आपली सरासरी म्हणते. हे आकडे म्हणजे नुसत्या पायऱ्या. कोणती वर, कोणती खाली, एवढंच त्यांत आहे. दोन पायऱ्यांत अंतर किती, ते नाही. क, ख, ग, घ लिहिलं असतं तर आपण बेरीज केली असती का? मी आकडे लिहिले आणि वजन केल्यासारखे मिळवत बसले."

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. "मग काय मोजायचं?"

"खरंच मोजता येतं ते. मारहाण किती वेळा झाली, टाके किती पडले, रजा किती लागली. शिव्यांचा हिशेब वेगळा, हत्यारांचा वेगळा. एकात एक मिसळायचं नाही."

"बरं. रखवालदार आजपासून परत दारावर येईल."

"आणि आजच्या नोंदीत मी केलेला एक हल्लाही धरा."

"तुमचा कशाला? तुम्ही वाचवलंत."

"पहिले घाव वाचवण्यासाठी होते. शेवटचा नव्हता. तो बस म्हणत होता."

चौकशी झाली. तिला काही दिवस घरी बसवलं, मग पुन्हा त्याच टेबलावर घेतलं. त्या माणसाला शिक्षा झाली. सुनावणीत त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही, तिनेही त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

दिराचा जबडा तारांनी बांधला होता. डाव्या कानाने त्याला कायमचं ऐकू येईनासं झालं. इस्पितळाने त्याला धुलाईखान्यात काम दिलं. तिथल्या यंत्रांच्या घरघरीत इतरांनाही ऐकू येत नाही, तेव्हा सगळे सारखेच, असं तो म्हणायचा. घरी मात्र तो ओरडून बोलायला लागला, आणि सासूबाई त्याला रोज हळू बोल म्हणून सांगायच्या, उजव्या बाजूला बसून.