टँकर नसतानाचं पळणं

मी पळताना दिसले की आमच्या गल्लीतली माणसं बिंदे उचलून बाहेर येत. बिंदे म्हणजे प्लास्टिकच्या घागरी. हैदराबादच्या अंबरपेठेत सगळे तसंच म्हणतात, तेलुगूवाले, उर्दूवाले आणि आम्ही मराठीसुद्धा. यात माझा दोष नव्हता आणि खरं सांगायचं तर त्यांचाही नव्हता. पण तेव्हा कोणी मला असं समजावलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. माझे यजमान प्रतापराव म्हणतात, त्रिवेणीच्या नाकावर राग नाही, रागावर थोडंसं नाक आहे.

गोष्ट शहाण्णव सालच्या उन्हाळ्याची. नळाला तीन दिवसांतून एकदा पाणी यायचं. बाकीच्या दिवशी टँकर, तोही पहाटे पाचच्या सुमारास आणि ड्रायव्हरच्या मनाला येईल त्या कोपऱ्यावर. कधी पिठाच्या गिरणीपाशी, कधी पार चाऱ्याच्या अड्ड्यापाशी. ज्याला तो आधी दिसेल त्यानं गल्लीत पळत यायचं आणि त्याला पाहून बाकीच्यांनी पळत सुटायचं, अशी रीत होती. ओरडायचं मात्र नाही, कारण ओरडलं की मागच्या गल्लीलाही कळतं. त्यामुळे आमच्याकडे पहाटे पळण्याचा अर्थ एकच होता.

त्या फेब्रुवारीत माझ्या रक्तात साखर निघाली. उपाशीपोटी एकशे अठ्ठेचाळीस. डॉक्टर तेलुगू, पण माझ्याशी हैदराबादी हिंदीत बोलायचे. म्हणाले, "अम्मा, रोज एक घंटा तेज चलना. घंटा नहीं है तो आधा घंटा भागना. खाना भी कम करना. तीन महीने देखेंगे. उतरी तो ठीक, नहीं तो गोली. गोली चालू हुई तो जिंदगीभर."

देगलूरला माझ्या वडिलांचं, भगवंतरावांचं, गोळीपासूनच सुरू झालं होतं. गोळीनंतर सुई आली, सुईनंतर अंगठा गेला आणि मग घोट्यापासून डावा पाय. शेवटची दोन वर्षं ते कुबडीवर होते. उजव्या पायाची चप्पल झिजायची, डाव्या पायाची तशीच नवी राहायची. आईनं ती कधी टाकून दिली नाही. दाराशी त्या डाव्या चपलेची ओळच लागली होती. मला मरणाची म्हणाल तर तेवढी भीती नाही, पण त्या चपलांची फार आहे.

तेव्हा पळायचं ठरलं. पण कधी? साडेचारला उठून पाणी, मग स्वयंपाक, तीन डबे, सासूबाईंचं पथ्य. पावणेनऊला गौलीगुड्याची बस, तिथल्या सरकारी कार्यालयात मी टायपिस्ट. साहेबांनी नुकतंच जाहीर केलं होतं की आता टाइपरायटर जाणार, कॉम्प्युटर येणार, आणि जो शिकणार नाही त्यानं आवक-जावकच्या कोपऱ्यात पाकिटं चिकटवत बसायचं. म्हणून सुटल्यावर दिलसुखनगरला कॉम्प्युटरचा क्लास. तिथं अर्ध्या वयाची पोरं खटाखट बोटं चालवायची आणि मी माउस धरून त्याला विनवण्या करत बसायचे. घरी यायला साडेआठ. प्रतापराव बियाण्यांच्या कंपनीत, महिन्यातले पंधरा दिवस आदिलाबाद-नांदेडच्या बाजूला. अर्धा तास मोकळा असा सगळ्या दिवसात मिळेना. शेवटी एकच वेळ सापडली, पहाटे पाच ते साडेपाच. म्हणजे नेमकी पाण्याची.

"मी भरते की पाणी," सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी आमच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणते. तारामती त्यांचं नाव, वय सदुसष्ट, गुडघे दोन्ही दुखरे. "तू जा पळायला. दोन बिंद्यांनं काय मी मरायली का?"

पहिल्या दिवशी मी आमच्या ओमकारचे शाळेच्या कवायतीचे पांढरे बूट घातले. आठवीतल्या पोराचा पाय आणि माझा एकाच मापाचा. साडी वर खोचली आणि निघाले. चाऱ्याच्या अड्ड्यापर्यंत जाऊन परत वळले तेव्हा धाप लागली होती, पण मन हलकं झालं होतं. गिरणीच्या कोपऱ्यावर आले आणि पाहते तर समोरून अख्खी गल्ली बिंदे घेऊन माझ्याकडे पळत येत होती. सगळ्यांत पुढे समोरच्या घरातली रझिया आपा, दोन्ही काखेत एकेक बिंदा.

"किधर है?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"क्या?"

"टँकर, और क्या!"

"टँकर नहीं. मैं ऐसेच भाग रही."

रझिया आपानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ऐसेच? ऐसेच कायकू कोई भागता, अम्मां?"

गल्ली परत गेली. जाताना बिंदे एकमेकांवर आपटत होते आणि मागं कोणीतरी हसत होतं. मी त्या हसणाऱ्याला दोन शब्द सुनावले. नंतर कळलं, तो ओमकारच होता.

दुसऱ्या दिवशी कोणी उठलं नाही. ओट्यांवर बसून सगळे माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे. पण तिसऱ्या दिवशी तो टँकर खरंच चाऱ्याच्या अड्ड्यापाशी उभा दिसला आणि पहिली पाहणारी मीच. जिवाच्या आकांतानं परत पळत आले. गल्लीत एकही माणूस हलेना. मी हातवारे केले, तर आपाला वाटलं हाही व्यायामातलाच प्रकार. तिनं कौतुकानं मान डोलावली. "भागो भागो, सेहत बनती."

ओरडायची बंदी, आणि बंदी नसती तरी छातीत श्वास कुठं होता? दाराशी पोचून मी "टँ... टँ..." करेपर्यंत मागच्या गल्लीनं टँकर कोरडा केला होता. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोरानं निदान मुद्दाम खोटं तरी सांगितलं होतं. मी तर एक अक्षरही बोलले नव्हते.

सात वाजता पाच-सहा जणी आमच्या दारात आल्या. त्या दिवशी कोणाच्याच घरात आंघोळीला पाणी नव्हतं, त्यामुळे बोलण्यातही ओलावा नव्हता. घर गल्लीत असेल तर गल्लीच्या रीतीनं वागावं, पळायची एवढीच हौस असेल तर संध्याकाळी पळावं, असं बरंच काही. आत्याबाई मधे पडल्या, "बाई गं, उद्यापासून नाही पळायची ती. जाऊ द्या आता."

ते ऐकलं आणि माझा तोल सुटला.

"पळणार!" मी म्हटलं. "मी पळणारच! मला शक्कर निघाली आहे. माझ्या वडिलांचा पाय कापला या शक्करनं. तीन महिन्यांत उतरली नाही तर माझंही तेच सुरू होणार. संध्याकाळी मी साडेआठला घरात येते, मग रोट्या कोण करणार, तुम्ही? मला दुसरी वेळ नाही. पाणी गेलं तर गेलं, माझा पाय गेला तर कोण आणून देणार आहे?"

हे सगळं मी मराठीत बोलले. रागात मला दुसरी भाषा सुचत नाही. पण 'शक्कर' आणि 'पाय' हे शब्द सगळ्यांना कळले, आणि बोलता बोलता मी रडायला लागले होते तेही दिसत होतं. मला माझीच लाज वाटली, पण आत कुठंतरी मोकळंही वाटलं. या पायाच्या भीतीबद्दल मी अजून कोणाशीच बोलले नव्हते, प्रतापरावांशीसुद्धा नाही.

रझिया आपा ओट्यावर बसली. "हमारी अम्मी को भी थी," ती म्हणाली. "आँखां गए उनके." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "देखो, तुम कित्ती दूर भागते?"

"मुसी नदीकाठच्या गवताच्या वाफ्यांपर्यंत जायचा विचार आहे. म्हणजे... गिरणी, अड्डा, सब रास्ते में."

"मतलब टँकर किधर भी खडा रहे, तुमकोच पहले दिखता." तिनं बाकीच्यांकडे पाहिलं. "तो तुम भागो ना. देखके आको बताओ. तुम्हारा पानी हम भरते. अम्मां के घुटनों को नक्को तकलीफ."

ही गोष्ट इतकी सोपी होती की आधी सुचली नाही याचाच मला राग आला. आता प्रश्न एवढाच होता की मी तब्येतीसाठी पळतेय की टँकरसाठी, हे लांबून ओळखायचं कसं. तो आत्याबाईंनी सोडवला. आत जाऊन त्यांनी आपलं जुनं हिरवं लुगडं आणलं.

"त्या पाचवारीत पळायलीस म्हून अडखळायलीस. हे नेस. कासोटा घातला की घोड्यावर बी बसता येतंय. आन् हे बघ, पदर कमरेला खोचलेला असला तर तब्येत. पदर सोडून हातात घेतलास तर टँकर."

दुसऱ्या दिवसापासून मी हिरवं नऊवारी लुगडं आणि पांढरे कवायतीचे बूट अशा थाटात पळायला लागले. हसणाऱ्यांनी हसून घेतलं. दूधवाला पहिल्या दिवशी सायकलवरून पडता पडता वाचला. पण खरं सांगते, कासोट्यात जे पाय मोकळे होतात ते कशातच होत नाहीत. आमच्या बायका शेतात काय उगीच तसं नेसत होत्या? जाताना पदर खोचलेला, गवताच्या वाफ्यांपाशी वळायचं, म्हशींच्या चाऱ्याचा ओला वास घ्यायचा, आणि येताना टँकर दिसला की पदर हातात. मी गल्लीत शिरायच्या आत बिंदे निघालेले असत. घरी येऊन पाहावं तर आमचे चार बिंदे भरून झाकून ठेवलेले. साडेपाचला पाणीही घरात आणि पळणंही अंगात. आधी मी पाण्यासाठी तासभर उभी असायचे, म्हणजे उलट वेळ उरायला लागला. त्या उरलेल्या वेळात मी कॉम्प्युटरची वही उघडून बसायचे.

सगळेच दिवस असे गेले नाहीत. एप्रिलमध्ये उन्हानं पहाटही तापायची. एकदा नणंदेच्या घरी शिरा खाल्ला आणि दोन दिवस स्वतःशी भांडत होते. कधी वाटायचं, काही उतरत नसेल, नुसते बूट झिजतायत. आठवड्यातून एकदा मी दोन्ही तळपाय आरशात धरून पाहायचे, कुठं जखम, कुठं काळा डाग. आत्याबाई दारातून ते पाहायच्या.

मे महिन्यात तीन महिने भरले. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन तशीच कार्यालयात गेले. दुपारपर्यंत एकेका पत्रात चार चुका. दुपारनंतर रजा टाकली, लॅबमधून कागद घेतला आणि न उघडता डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मला वाटलं, झालं, आता सांगतात.

"एक सौ चार," ते म्हणाले. "गोली नक्को. क्या किए तुम?"

"टँकर देखे," मी म्हटलं. त्यांना काय कळणार?

बसमध्ये मी तो कागद सहा वेळा वाचला. अंबरपेठेला उतरले, दहा पावलं नीट चालले, आणि मग मला चालवेना. भर उन्हात, पाचवारी साडीत, हातात तो कागद उंच धरून मी पळत सुटले. गिरणीपाशी उजव्या चपलेचा अंगठा तुटला. ती तिथंच राहिली. मी थांबले नाही.

गल्लीत शिरले तर धडाधड दारं उघडली. रझिया आपा बिंदे घेऊन बाहेर, तिच्यामागं सगळ्या. माझ्या हातात पांढरं काहीतरी फडफडताना दिसलं, त्यांना तो पदरच वाटला ना! आणि आमच्या दारातून आत्याबाई, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, रिकामा बिंदा घेऊन.

"टँकर नहीं!" मी ओरडले. ओरडायची बंदी मी त्या दिवशी मोडली. "शक्कर उतर गई! एक सौ चार!"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग आपाचा चेहरा फुलला, पण लगेच पडला. तिनं बिंदा खाली ठेवला आणि काळजीनं विचारलं, "तो... अब भागना बंद?"

सगळी गल्ली माझ्या उत्तराकडे कान लावून उभी होती.

"नाही गं आपा. डॉक्टर बोले, भागना जिंदगीभर."

"या अल्लाह, तेरा शुक्र!" ती म्हणाली, आणि एवढ्या मोठ्यानं सुस्कारा टाकला की मला हसू आलं. हसता हसता मी ओट्यावर बसले आणि रडले. तीन महिन्यांत मी पहिल्यांदा न घाबरता रडत होते.

आत्याबाई माझ्याजवळ बसल्या. मला वाटलं आता पाठीवरून हात फिरवतील, पण त्या माझ्या पायांकडे पाहत होत्या. एका पायात चप्पल, दुसरा उघडा, धुळीनं माखलेला.

"एक चप्पल कुठाय गं?"

"तुटली. गिरणीपाशी राहिली. आणते."

त्यांनी माझा उघडा पाय मांडीवर घेतला आणि लुगड्याच्या पदरानं पुसायला लागल्या.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "चप्पल दुसरी मिळंल. पाय हाईत ना दोन्ही."