पडद्यापलीकडचा सूर

डॉक्टर भार्गवांनी बाळाच्या डाव्या कानामागे खुळखुळा वाजवला. तिने मान वळवली. उजवीकडे वाजवला, तिकडेही वळवली.

"कान एकदम ठीक हैं," ते म्हणाले. "दिल, फेफड़े, वज़न, सब बढ़िया. आपको प्रेग्नन्सी में कोरोना हुआ था, इसलिए हमने सब दोबारा देख लिया. बच्ची को कुछ नहीं है."

"लेकिन मेरी आवाज़ पर नहीं देखती," निवेदिता म्हणाली.

"देखेगी. थोड़ा टाइम दीजिए."

चौबे कॉलोनीतल्या घरी परतताना निवेदिताचा नवरा सौमित्र म्हणाला, "ऐकलं ना? तिले काही झालं नाही. तू उगाच डोक्यात घेऊन राहिली."

निवेदिताने मुलीकडे पाहिले. मांडीवरची मुलगी नेहमीसारखी तिच्या खांद्यामागे पाहत होती. मागे गाडीची काच होती, आणि काचेत काहीच नव्हते.

घरी पोहोचताच रडणे सुरू झाले. दूध नको, झोळी नको, कडेवर नको. निवेदिताच्या सासूबाईंनी, सुशीलाबाईंनी, मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. तरी पोरीचा चेहरा जांभळा होईपर्यंत रडणे चालूच. निवेदिता तिला घेऊन येरझाऱ्या घालू लागली. थकव्याने तिचे डोळे मिटत होते, आणि त्या गुंगीत ती काहीतरी गुणगुणू लागली.

रडणे थांबले. तुटल्यासारखे, एकदम.

सुशीलाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "हे काय गाऊन राहिली तू?"

"काय गात होते मी?"

"सुत जा बाबू, सुत जा, असं. छत्तीसगढी अंगाई आहे, झोप बाळा म्हणते. तुले कोणी शिकवलं?"

निवेदिता पलंगावर बसली. कुणी शिकवले ते तिला आठवले. आठव्या महिन्यात ती कोविड वॉर्डात होती तेव्हा दिवस-रात्र एकमेकांत मिसळून गेले होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डाव्या कुशीवर निजायचे, समोर हिरवा पडदा. पडद्यापलीकडे एक बाई हलक्या आवाजात हीच ओळ गुणगुणत असे. तो सूर आला की पोटातली धडपड शांत व्हायची आणि निवेदिताचा श्वासही ताळ्यावर यायचा. पलीकडची बाईही पोटुशी असावी, आपल्या पोटाशी गात असावी, असे तिने तेव्हा मनाशी धरले होते. मग ती बरी होऊन घरी आली, महिनाभराने मुलगी झाली, आणि तो सूर ती विसरूनही गेली होती.

आता मुलगी फक्त त्याच ओळीने निजू लागली. पण ऐकताना ती निवेदिताकडे पाहत नसे. निवेदिताने मुद्दाम डोके आड आणले, तर मुलगी मान वाकडी करून तिच्या पलीकडे पाही, आणि हसे.

हसणे पाहिले त्या दिवशी निवेदिताने वॉर्डातल्या वनमाला सिस्टरला फोन लावला.

"तुमच्या बाजूची? फुलेश्वरी, अभनपूरची," सिस्टर म्हणाली. "सीझर करून पोरगा काढला. पोरगा चांगला आहे, आजीजवळ असतो. ती नाही वाचली, ताई."

निवेदिता म्हणाली, "फार गोड गुणगुणायची ती."

"कोण, फुलेश्वरी? ताई, तुम्ही येण्याच्या आधीपासून ती व्हेंटिलेटरवर होती. घशात नळी होती तिच्या. तिचा आवाज आम्ही कोणीच ऐकला नाही."

"मग दुसरं कोणी असेल."

"त्या खोलीत तुम्ही दोघीच होत्या."

रविवारी निवेदिताने मुलीला दुपट्यात गुंडाळले. "मले अभनपूरला जायचं आहे," ती म्हणाली. सौमित्रने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि काही न विचारता गाडीची किल्ली घेतली.

फुलेश्वरीची आई अंगणात खाटेवर बसली होती. तिच्या हातांत पोरगा रडत होता. रडून रडून आवाज बसला होता त्याचा.

"डाक्टर कहिथे, सब बने हे," म्हातारी म्हणाली. "फेर सुतय नहीं." नातू काही केल्या झोपत नव्हता.

"मैं लूँ इसको?" निवेदिताने विचारले.

तिने मुलीला सौमित्रकडे दिले आणि पोराला घेऊन खाटेवर बसली. त्याचे डोके तापलेले, केस घामाने चिकटलेले. तिने ओळ सुरू केली. पोरगा हुंदका अर्धा सोडून ऐकू लागला. तिला एवढी एकच ओळ येत होती. ती संपली तेव्हा ती पुन्हा पहिल्यापासून घेणार होती. पण तोंडातून दुसरी ओळ आली, मग तिसरी. त्यात नदीचे काही होते, कुण्या पाखराचे होते. अर्धे शब्द तिला कळतही नव्हते. घसा तिचाच होता, आणि त्यात कसली तरी जुनी खरखर होती.

म्हातारीचा हात पदराशी थांबला. "ए तो मोर बेटी के आय," ती पुटपुटली. "लइका पेट मं रहिस, त गावय." पोर पोटात असताना तिची लेक हेच गात असे.

निवेदिताला थांबता येईना. गाणे आपसूक संपले तेव्हा पोराच्या मुठी उघडल्या होत्या. तो गाढ झोपला होता.

अंगणात काही हलत नव्हते. उंबऱ्याशी उभ्या सौमित्रच्या खांद्यावरून मुलगी निवेदिताकडे पाहत होती. थेट तिच्या चेहऱ्याकडे.

"बने करेस, बेटी," म्हातारी हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "अब जा."

निवेदिताने पोराला अलगद खाटेवर ठेवले, पदर सारखा केला आणि चपलांकडे वळली. म्हातारी भानावर आल्यासारखी लगबगीने उठली. तिने निवेदिताचे मनगट धरले.

"तैं कहाँ जाथस?" ती म्हणाली. "तोला नइ कहे हँव." ते 'जा' निवेदितासाठी नव्हतेच. "बइठ, चाहा पी ले."