पाच पापलेटांची राख

सांगून कोणाला खरं वाटायचं नाही, पण त्या बोटाएवढ्या बाटलीत पाच पापलेटं होती. डोळ्यांसकट, काट्यांसकट, शेपट्यांसकट पाच, एकेक सुपाएवढं, आणि वर रबरी बूच. नवशा तांडेलाने बाटली उजेडाकडे धरून तिरकी केली, तसं आतलं करडं पीठ एका कडेहून दुसऱ्या कडेला सरकलं... चिमूटभर, तपकिरीच्या डबीत उरावं तेवढं. काचेवर कागद डकवलेला होता आणि कागदावर त्याचं नाव होतं. होतं म्हणजे, शेलारसाहेबाने बोट ठेवून वाचून दाखवलं म्हणून होतं. नवशाला अक्षर येत नव्हतं. त्याला आपलं नाव एका ओळीत बसलेल्या पाच-सहा खेकड्यांसारखं दिसलं.

"जालली?" त्याने विचारलं.

"आधी सुकवली, काका. मग राख केली. राखेत काय आहे ते यंत्र सांगतं."

नवशाच्या टाळूला मुंग्या आल्या. राग आला की त्याला तिथूनच यायचा. मासा तळतात, भाजतात, खारवतात, वलांडीवर सुकवतात, कुजला तर माडाच्या मुळाशी पुरतात... राख माणसाची करतात. आणि हा कालचा पोरगा, साताऱ्याकडचा, ज्याला बोंबील आणि मांदेली यांतला फरक अजून कळत नाही, तो माझ्या हातचे मासे घेऊन जातो आणि मला त्यांची रक्षा आणून दाखवतो, वर हसतो, जसं काही बारशाचा पेढा आणलाय.

खरं तर पोरगा वाईट नव्हता. आनंदा शेलार त्याचं नाव. विज्ञान शिकलेला, बोईसरला खोली करून राहणारा, गेलं वर्षभर दर महिन्याला सायकलीच्या कॅरिअरला बाटल्यांची पेटी बांधून वाडीत येणारा. पलीकडे खडकांच्या अंगाला अणूची भट्टी बांधून होत आली होती आणि पुढल्या साली पेटणार होती. ती पेटण्याआधी इथलं पाणी कसं आहे, मीठ कसं आहे, मासे कसे आहेत आणि माणसं काय खातात, एवढं सगळं लिहून ठेवायचं हे त्याचं काम. आधीचं लिहिलेलं असलं की नंतर काय बदललं ते कळतं, असं तो म्हणायचा. हे नवशाला पटलं होतं. खाडीबाहेर पडताना तांडेल मागे वळून माड बघून ठेवतो, तसंच ते.

आज त्याची शेवटची फेरी होती. वही उद्या मुंबईला जायची होती. म्हणून तो पडवीत मांडी घालून, बायको येसूबाईने जाताना झाकून ठेवलेला कोरा चहा पीत, नवशाचं पान पुन्हा एकदा वाचून दाखवत होता. घरात माणसं तीन: नवशा, येसूबाई आणि, मागाहून लिहिलेली, बाळंतपणाला आलेली लेक शकू. रोजचं खाणं: पापलेट, रावस, घोळ. माणशी अर्धा किलो.

आपलेच शब्द परक्याच्या तोंडून ऐकताना नवशाला ते पान पहिल्यांदाच खरं दिसलं, आणि खरं दिसलं म्हणूनच खोटं.

त्या दिवशी काय झालं होतं... काहीच नाही, रोजचंच. पोराने विचारलं, काका, जेवणात काय असतं, आणि नवशा सुटला. वाडीत त्याच्या गोष्टींना एक रीत होती. घोळ माशाने होडी डहाणूपर्यंत ओढत नेली, म्हणायचं त्याने, आणि समोरच्याने म्हणायचं, हां तांडेल, मग येताना घोळ होडीत बसला आणि तू ओढलीस. मग सगळे हसायचे. तांडेलाचं निम्मं धरावं, हे वाडीतल्या पोराटोरांनाही ठाऊक. निम्मं धरतील या भरवशावर तर माणूस दुप्पट सांगतो! पण हा साताऱ्याचा पोरगा हसला नाही. त्याने पेन्सिल काढली. नवशा बोलला तशी ती पेन्सिल हलली — चाळीस वर्षं बंदरावर बोलतोय मी, माझा एक शब्द वाऱ्यावर टिकला नाही, आणि इथे तोंडातून पापलेट बाहेर पडतंय न पडतंय तोच ते कागदावर जाऊन बसतंय! त्या पेन्सिलीची नशा चढली त्याला. पापलेटामागून रावस आला, रावसामागून घोळ. मग वर्षभर तो पोराचा वाटाड्या होऊन घरोघर हिंडला, आणि नवशा तांडेल दारात उभा असताना कोण म्हणेल की आम्ही कमी खातो? बुधाने पापलेट सांगितलं. बुधाने सांगितलं म्हणून त्याच्या शेजारच्या जिवल्याने रावस सांगितला. सगळी वाडी वहीत सणासारखी जेवली.

"आणि शंख-शिंपले, कालवं," शेलारने बोट खाली सरकवलं, "शून्य. तुमच्या सगळ्या वाडीत शून्य. बरं झालं एका परीने."

"का बरं झालं?"

मग त्या पोराने सांगितलं. साधं, सरळ, शाळेत सांगावं तसं. भट्टी पेटली की तिच्यातलं अगदी थोडं, मोजून, पाण्याबरोबर समुद्रात सोडणार. किती सोडायचं ते इथली माणसं काय खातात त्यावर ठरतं. मासा फिरता असतो, आज इथे तर उद्या कुठे. पण कालव खडकाला धरून बसतं, जागचं हलत नाही, आलेलं पाणी रात्रंदिवस गाळत राहतं. बाहेरदेशात नुकतंच संशोधन झालंय, पाण्यात यंत्रालाही सापडणार नाही एवढं असलं तरी कालवाच्या अंगात ते हजारो पट साठतं. म्हणून जिथे लोक कालवं खातात तिथे मर्यादा फार कडक धरावी लागते. इथे खात नाहीत, तर तो प्रश्नच नाही. आणि पाणी सोडायचं ते नेमकं त्या खडकांच्याच बाजूला.

घराच्या मागे कालवांच्या शिंपांचा ढीग होता, पुरुषभर उंच. हे काय, असं पोराने पहिल्याच फेरीत विचारलं होतं. चुना भाजायला, नवशा म्हणाला होता, आणि तेही वहीत गेलं होतं.

तो उठला. आलो, म्हणाला, आणि बाटली मुठीतच घेऊन किनाऱ्याकडे चालू लागला.

राग कोणाचा, हे त्याला नीट धरता येईना. मुठीत धरलेल्या मासळीसारखा तो इकडून दाबला की तिकडून निसटत होता. त्या भट्टीचा? ती अजून थंडगार उभी होती. पोराचा? हो, पोराचाच. मी सांगितलं म्हणून याने विश्वास का ठेवला? एवढं शिकला, राखेतलं वाचतो, आणि माझ्या तोंडावरचं वाचता येत नाही? नवशा तांडेलाच्या ताटात रोज पापलेट असतं तर त्याच्या बरगड्या अशा होडीच्या लाकडी वाकांसारख्या मोजता आल्या असत्या का? उजवा खांदा गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, होडी पुतण्या नेतो. पापलेट लागलं तरी ते बंदरावरूनच पाटीत बसून पालघरच्या वाटेला लागतं. घरात येतं ते उरलेलं, फुटकं, आणि तेही आलं तर. बाकी... बाकी काय, ते नवशा मनातसुद्धा म्हणत नसे. ताट पुढे आलं की तो बंदराकडे बघत जेवायचा.

अमावास्येची ओहोटी होती. खडक लांबवर उघडे पडले होते, काळे, निथळणारे, आणि त्यांच्यावर वाडीतल्या बायका वाकलेल्या होत्या — वीस, पंचवीस, प्रत्येकीच्या हातात टोकदार हातोडी. टक, टक, टक. हा आवाज तो जन्मापासून ऐकत आला होता आणि त्याने तो कधीच मासेमारी म्हणून ऐकला नव्हता. मासेमारी म्हणजे पाणी, शीड, डोल जाळं. हे बायकांचं काहीतरी.

येसूबाई सगळ्यांच्या पुढे होती. कासोटा घट्ट, पाय कातळात रोवलेले, एक घाव शिंपेच्या कडेवर, दुसऱ्याने झाकण उडालं, नखाने मांस डब्यात. आणि तिच्याजवळ, सातव्या महिन्याचं पोट गुडघ्यांत सांभाळत, शकू उकिडवी बसली होती. आईने शिंप पुढे केली. शकूने ती ओठाला लावली, मान मागे टाकली, कच्चंच गिळलं आणि डोळे मिटले. तिला दुसऱ्या कशाचे डोहाळेच नव्हते. पहिल्या वेळचं पोटात राहिलं नव्हतं. या वेळी आल्यापासून तिला भाताचा वास सोसत नव्हता, माशाचा सोसत नव्हता. कालवांवर अंगाला लागत होतं तेवढंच.

नवशा वाळूतच थांबला. आज ठीक आहे, भट्टी थंड आहे. पण ते पोटातलं बाहेर येईल, रांगेल, चालेल, आणि या वाडीतली पोरं चालायला लागली की पहिली कुठे जातात? आईच्या पदराला धरून याच खडकावर. मीसुद्धा तसाच गेलो होतो. माझ्या दातांना पहिली चव लागली ती याचीच, आणि मी... मी शून्य लिहून दिलं. आजोबाने लिहून दिलं.

तो वळला आणि तरातरा घराकडे आला. काय बोलायचं ते त्याने वाटेत जुळवलं. अगदी सोपं होतं. आम्ही कालवं खातो, एवढंच. तीन शब्द. तीन शब्दांत त्याने उभ्या जन्मात काही सांगितलं नव्हतं.

शेलार पेटी बांधत होता.

"सायेब, ते कालवांचं," नवशाने सुरुवात केली आणि जीभ आपली ओळखीची वाट धरून चालू लागली. म्हणाला, पलीकडच्या वाडीत खातात असं कानावर आहे. म्हणाला, कोंबड्यांना घालतो आम्ही कधीमधी, कोंबड्या एवढाल्या होतात. म्हणाला, एकदा एक म्हातारी आली होती, कुठली कोण जाणे, ती दिवसाला टोपलीभर कालवं खायची आणि शंभर वर्षं जगली, तिच्यापुरतं तरी लिहा. बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू येत होतं, म्हातारी मोठी होत चालली होती, टोपली मोठी होत चालली होती, आणि त्या दोघींच्या मागे शकू दिसेनाशी होत होती.

शेलार हसला. तांडेलाच्या गोष्टीला, वर्षभरात पहिल्यांदा. इतक्या दिवसांत कोणीतरी त्याला वाडीची रीत शिकवली असावी. "काका, तुमचं निम्मं धरायचं म्हणे," तो म्हणाला. "म्हातारीचं तर पाव धरतो."

आता? पोरा, आता शिकलास? पापलेट पुरं धरलंस, आणि कालव निम्मं? नवशाच्या मुठीत बाटली करकरली. आपटावी ती जमिनीवर... त्याने हात वर केलासुद्धा. पण राखेवर नाव त्याचं होतं. त्याचा हात तसाच राहिला.

अंगणात पाणी ठिबकल्याचा आवाज आला. येसूबाई डबा कमरेवर घेऊन उभी होती, मागे शकू. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. येसूबाईच्या कानावर कोंबड्या तरी नक्की पडल्या असाव्यात; ती रिकाम्या अंगणात बघत होती, आणि त्या घरात एकही कोंबडी नव्हती.

नवशाने तिच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं ती त्याच्या गोष्टींच्या मागे बसत आली होती. अंधाराकडे तोंड करून, लसूण सोलत, न हसता, न खोडता. गावाने निम्मं धरलं. हिने काय धरलं ते त्याला कधी कळलं नव्हतं. आणि तिने खोडू नये असं त्याला आत्ता, या घडीला, जेवढं वाटलं तेवढं कधीच वाटलं नव्हतं. तिने खोडावं असंही.

"खोटं हाय ते, सायेब," येसूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "पयलं पण आणि आताचं पण. पापलेट आमी इकतो. या घरात तीन वर्सं चूल पेटते ती या कालवांवर." तिने डबा पडवीच्या कडेवर ठेवला. "सगल्या वाडीत तसंच. हा संगती होता म्हनून कोनी बोललं नाय. लिवा आता."

शेलारने पेटीची दोरी सोडली. वही काढली, शून्यावर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि तसंच ठेवलं. वाडीतल्या एकूण एक घराचं पान बदलायचं म्हणजे वही उद्या जाणार नाही. न बदलायचं म्हणजे... त्याच्या तोंडावरचा रंग नवशाला प्रथमच वाचता आला.

"दिवसाला किती?" शेलारने विचारलं. प्रश्न येसूबाईला होता. पण घरात कोणी काही विचारलं की उत्तर नवशाने द्यायचं, ही सवय.

"मानशी दोन वाट्या," तो म्हणाला.

"तू कवा मोजल्यास?" येसूबाई म्हणाली.

कोणी हसलं नाही. शकू खांबाला टेकून पोटावर हात ठेवून उभी होती. येसूबाईच्या बोटांवरून शिंपेच्या कापांतलं रक्त खारट पाण्याबरोबर पाझरत होतं आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. नवशाने पुढचं काहीतरी सांगायला तोंड उघडलं — तिथे नेहमी काहीतरी असायचंच, तोंड उघडलं की पुरे — आणि आत काही नव्हतं. राग होता. तो गेला नव्हता. पण पोराकडे, भट्टीकडे, बायकोकडे, कुठल्याच बाजूला तो वळेना. डब्यातल्या पाण्यासारखा जागीच हलत राहिला. त्याने बाटली खाली ठेवली आणि डबा पुढे ओढला. करडी, मऊ, एकमेकांना चिकटलेली कालवं. एक, दोन, तीन, तो रागारागाने मोजू लागला, बोट आत घालून, एकेक वेगळं करत. सतरापर्यंत आला आणि चुकला.

पुन्हा पहिल्यापासून. एक...